थोरले घरासमान

निवृत्त झाल्यावर मी ज्या ज्या गोष्टी शिकायला घेतल्या, त्यांतल्या बऱ्याचशा मला आल्या नाहीत. पेटी दीड वर्ष शिकले. नुसते सूर हाताखाली सापडायचे, पण तबला सुरू झाला की मी मनात मात्रा मोजायला लागायचे आणि बोटं मागे राहायची. चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलेलं, मोजणं काही सुटेना. मग जलरंग झाले. बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवरून दिसणारी टेकडी मी अकरा वेळा काढली. अकराव्या चित्राकडे बराच वेळ बघून आमच्या यजमानांनी विचारलं, "कोबी का गं हा?"

तरी मला वाईट वाटलं नाही. शिकवणाऱ्या माणसाला सगळं आधीच यावं लागतं. वर्गात शिरताना आदल्या दिवशीची बेरीजसुद्धा पुन्हा एकदा पडताळून मी आत जायची, कारण फळ्यावर माझं चुकलं तर पन्नास डोळे चमकतात हे मला माहीत होतं. त्यामुळे मागच्या बाकावर बसून "सर, मला नाही कळलं" असं म्हणता येण्यात किती मोकळं वाटतं, ते मला अठ्ठावन्नाव्या वर्षी समजलं. एखाद्याने गावाला जावं तशी मी नवीन वर्गाला जायची.

मोडीच्या वर्गात मी अशीच गेले आणि तिथे मात्र टिकले. पेठेतल्या एका जुन्या वाचनालयाच्या माडीवर रविवारी सकाळी हा वर्ग भरतो. शिकवणारे सर ऐंशीच्या घरातले. त्यांची सगळी नोकरी जुन्या दप्तरांमध्ये गेलेली. पहिल्याच दिवशी एका उत्साही तरुणाने विचारलं, "सर, ही लिपी साधारण किती दिवसांत येईल?" सरांनी चष्मा पुसला. "देवनागरी किती वर्षं वाचताय?" "लहानपणापासून." "बाहेर दाराशी चपला काढाव्यात अशी पाटी आहे. ती वाचलीत का?" तरुणाने मुकाट्याने उठून चपला बाहेर ठेवल्या.

मोडी वाचण्यापेक्षा मला लिहिणं जास्त आवडलं. आधी पानभर आडव्या रेघा मारून घ्यायच्या, मग बोरू शाईत बुडवायचा आणि रेघेखाली अक्षरं एकामागून एक अडकवत जायचं. हात फारसा उचलायचा नाही. दोन शब्दांमध्ये जागा सोडायची नाही. ओळ सुरू झाली की संपेपर्यंत एकसंध, जणू कोणी एका दमात बोलतंय. शब्द कुठे तुटतो ते वाचणाऱ्याने ठरवायचं. फळ्यावरच्या माझ्या अक्षराचं शाळेत कौतुक असायचं, ते हाताचं वळण इथे पुन्हा कामी आलं. तिसऱ्या वर्षी सरांनी माझं एक पान हातात घेऊन म्हटलं, "वाईट नाही." वर्गातल्या जुन्या लोकांनी माझं अभिनंदन केलं.

ते पान मी कौतुकाने माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकलं. तिथून ही हकिगत सुरू झाली.

दोन दिवसांनी एका विद्यार्थ्याचा फोन आला. आता तो चाळिशीच्या पुढचा. खडकवासल्याच्या वाटेवरचं त्याचं गाव महापालिकेत आलंय, शेतं होती तिथे इमारती झाल्यात, आणि तो बांधकामाच्या सामानाचं दुकान चालवतो. शाळेत असताना रोज बसने शहरात यायचा. भूमिती उत्तम, बाकी यथातथा. तो संध्याकाळी घरी आला तो प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये एक पिवळा कागद घेऊन.

"बाई, आजोबांच्या पेटीत सापडला. मोडीच आहे ना?"

मोडीच होती. दीड पान मजकूर, कडा तपकिरी पडलेल्या आणि दुसऱ्या पानाचा खालचा कोपरा कसरीने खाल्लेला.

मग त्याने कागद वाचून घेण्याचं कारण सांगितलं. त्यांच्या गावच्या चैत्रातल्या जत्रेत देवाची काठी निघते. तीस-पस्तीस फुटांचा वेळू, त्याला वरपासून खालपर्यंत रंगीत कापडं गुंडाळलेली, टोकाला मोरपिसं. गावातले तरुण ती उभीच्या उभी पेलत गावभर फिरवतात, आडवी करत नाहीत. ती दोन घरांपुढे थांबायची. एक थोरलं घर आणि एक धाकटं घर. फार पूर्वी दोन भाऊ वेगळे झाले, त्यांची ही दोन घरं. माझा विद्यार्थी थोरल्या घरातला. आता थोरलं घर मोठ्या रस्त्यावर आलंय, पण धाकटं घर मागच्या गल्लीत, आणि त्या गल्लीत दोन्ही बाजूंनी इमारती होऊन वर केबलचं जाळं झालंय. मागच्या वर्षी काठी तिथे वायरींना अडकली, तोल गेला, दोघाजणांचे खांदे निखळले. म्हणून भावकीतले काही लोक हट्ट धरून बसले की काठी यापुढे मोठ्या रस्त्यावर, थोरल्या घरापुढेच थांबायची. धाकट्या घराला हे मान्य नव्हतं.

"भावकी म्हणते, काहीतरी जुना कागद आहे म्हणतात, त्यात बघू. तेवढं बघा बाई, मान कोणाचा लिहिलाय."

मी म्हटलं, आठवड्याने ये.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. तो कागद सरांना दाखवणं हा सरळ मार्ग होता. रविवार दोन दिवसांवर होता. मी दाखवला नाही. मला तो माझा मला वाचायचा होता. तीन वर्षं आम्ही सरांनी निवडून दिलेले, त्यांना आधीच पाठ असलेले कागद वाचत होतो. हा पहिला कागद होता की ज्यात काय आहे ते कोणालाच माहीत नव्हतं, आणि तो थेट माझ्याकडे आला होता.

रोज दुपारी जेवणानंतर खिडकीशी बसून मी दोन-दोन, तीन-तीन ओळी सोडवायची. वाटणीचा कागद होता. कोणती जमीन कोणाची, विहिरीचं पाणी कोणी कोणत्या दिवशी घ्यायचं, बांधावरच्या आंब्याचे आंबे कसे वाटायचे. एकेक शब्द सुटला की मी स्वयंपाकघरापर्यंत जाऊन यजमानांना सांगून यायची. शेवटच्या दिवशी जत्रेची ओळ लागली. काठी हा शब्द दिसला तशी मी खुर्ची पुढे ओढली. पुढे थोरले घर दिसलं. त्याच्या पुढे मान दिसला. मी शोधत होते तोच शब्द. मी ओळ अशी लिहून काढली: ‘जत्रेचे काठीस थोरले घरास मान. धाकटे घरी’, आणि पुढचं कसरीने खाल्लेलं.

स्वच्छ देवनागरीत नक्कल करून, खाली माझी सही घालून, मी ती विद्यार्थ्याच्या हातात दिली. त्याने ती ओळ दोनदा वाचली. मला वाटलं होतं तो खूश होईल. तो एवढंच म्हणाला, "म्हणजे तसंच आहे तर." मग वाकून नमस्कार केला आणि गेला.

पुढे त्याचा फोन आला. भावकीच्या बैठकीत नक्कल वाचली, सगळ्यांनी मान्य केलं, काठी यंदापासून थोरल्या घरापुढेच. "तुमच्या कागदामुळे वाद मिटला बाई." मी त्या दिवशी शिरा केला. यजमान म्हणाले, "चला, टेकडीचा कोबी झाला, पण काठी सरळ निघाली."

आठ-दहा दिवसांनी एका अनोळखी नंबरवरून फोन आला. बाईचा आवाज, वयस्कर.

"गणिताच्या बाई का? मी धाकल्या घरची. तुमी कागूद वाचलाय म्हनं आमचा."

"हो."

"थोरल्यांचं काय लिवलंय ते समद्या गावानं सांगितलं. आमचं काय लिवलंय तेवढं सांगा."

मी सांगितलं की ‘धाकटे घरी’ इतकंच वाचता येतं, पुढचा कोपरा कसरीने खाल्लाय.

मग ती म्हणाली, "म्हंजी आमच्या दारापतुर आला आन् कागूद संपला म्हना की." तिने रागाने नाही म्हटलं. "बरं हाय," म्हणाली आणि फोन ठेवला.

ते वाक्य मला काही केल्या सोडेना. भाजी निवडताना, बसच्या रांगेत, कुठेही आठवायचं. मी स्वतःला समजावत होते की यात माझा काय दोष? जे लिहिलंय ते मी वाचलं. पण गणिताची उत्तरपत्रिका तपासताना कधी कधी उत्तर बरोबर असूनही मधली पायरी खटकते, तसं काहीतरी खटकत होतं आणि बोट ठेवता येत नव्हतं.

चैत्र लागला. आमच्या वर्गाचं बोरूच्या अक्षरांचं लहानसं प्रदर्शन होतं, प्रत्येकाने एक पान लिहून आणायचं होतं. मी विद्यार्थ्याची परवानगी घेऊन त्याच कागदाची मोडीतच नक्कल करायचं ठरवलं. माझ्याकडे कागदाचे फोटो होतेच. एके दुपारी जेवणं झाल्यावर रेघा मारून बसले. यजमान शेजारच्या खुर्चीत वर्तमानपत्र तोंडावर घेऊन झोपले होते.

नक्कल करताना अर्थाकडे लक्ष नसतं. मूळ हाताचं वळण कुठे वर जातं, कुठे गाठ मारतं, तेवढंच बघत लिहायचं असतं. आंब्यांची ओळ झाली: ‘आंबे थोरलेघरासमान धाकटेघरी द्यावे’. म्हणजे जेवढे थोरल्या घरी तेवढेच धाकट्या घरी. ही ओळ मी दोन महिन्यांपूर्वी बरोबर वाचली होती, कारण पुढचं ‘द्यावे’ शाबूत होतं. मग पाणी, मग बांध, आणि शेवटी काठी. बोरू शाईत बुडवला आणि लिहायला लागले. ‘थोरलेघरासमान धाकटेघरी’. हात आपोआप पुढे ‘द्यावे’ लिहायला निघाला आणि थांबला, कारण तिथे कागद खाल्लेला होता.

मी वरच्या, आंब्यांच्या ओळीकडे पाहिलं. पुन्हा खालच्या ओळीकडे पाहिलं. तीच अक्षरं, तीच गाठ, तीच वेलांटी. एकाच माणसाने एकाच बैठकीत तेच शब्द दोनदा लिहिले होते. वर मी ‘घरासमान’ वाचलं होतं आणि खाली ‘घरास मान’. मध्ये जी जागा सोडली होती ती लिहिणाऱ्याने सोडलेली नव्हती. ती मी सोडली होती. मला ‘मान’ हवा होता म्हणून मी तो शब्द तोडून काढला होता.

काठीलाही थोरल्या घरासारखंच धाकट्या घरी, असं काहीतरी कागदात म्हटलं होतं. नारळ द्यावा असेल, पाणी द्यावं असेल. काहीही असलं तरी ते दोन्ही घरी सारखं होतं. आणि मी सही करून नेमकं उलटं लिहून दिलं होतं.

मी बोरू खाली ठेवला आणि "अहो" अशी हाक मारली. यजमान दचकून उठले. मी सगळं सांगितलं. ते एरवी काहीतरी बोलले असते. त्यांनी चष्मा लावला, माझं पान बघितलं आणि विचारलं, "जत्रा कधी आहे?"

"सहा दिवसांनी."

"मग वेळ आहे. आधी सरांकडे जा."

सरांच्या घरी मी पहिल्यांदाच जात होते. त्यांनी दार उघडलं, मला पाहिलं, आत घेतलं. मी एका श्वासात सगळं सांगून टाकलं. त्यांनी फोटोंच्या छापील प्रती घेतल्या आणि भिंग लावून खिडकीपाशी बसले. मी बाहेरच्या खोलीतल्या लाकडी खुर्चीवर परीक्षेचा निकाल ऐकायला आलेल्या मुलीसारखी बसले होते.

"समान," ते म्हणाले. "मान लिहायचा असता तर पुढे ‘असे’ लिहिलं असतं. याने पहिल्या पानावर तसं लिहिलंय बघा, ‘वहिवाट असे’. हा माणूस वाक्य अर्धवट सोडणारा नाही."

"म्हणजे माझं चुकलं."

"तुम्ही वाचलंत की. चुकीचं वाचलंत, पण वाचलंत." मग भिंग खाली ठेवून त्यांनी विचारलं, "कागद आधी माझ्याकडे का नाही आणला?"

मी खरं ते सांगितलं. एकटीने करून बघायचं होतं म्हणून.

ते उठून आत गेले. मला वाटलं आता चहा न देताच निरोप देतील. ते पाण्याचा तांब्या-भांडं घेऊन आले. "नोकरीला लागलो त्या वर्षी," ते म्हणाले, "मी एका कागदात ‘नदी’ची ‘नांदी’ करून ठेवली. साहेबांनी वर्षभर मला नांदी म्हणूनच हाक मारली. माझ्या वेळी कागद कपाटात राहिला. तुमचा कागद गावात गेलाय, म्हणून तुम्हाला गावात जावं लागेल. उद्याच जा. फोनवर सांगू नका."

त्यांनी एका कोऱ्या कागदावर स्वच्छ अक्षरांत ती ओळ लिहिली, खाली स्वतःची सही केली आणि माझ्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघाले तेव्हा यजमानही बाहेरचे कपडे घालून उभे. "तुम्ही कशाला?" "तू आपलं चुकलं म्हणून सांगणार आहेस. हे पुन्हा बघायला मिळेल न मिळेल." पण रिक्षात त्यांनी माझी पिशवी स्वतःच्या मांडीवर घेतली आणि वाटभर काही चेष्टा केली नाही.

विद्यार्थी दुकानात होता. आम्हाला बघून धावत बाहेर आला, वर घरी घेऊन गेला. मी चहा येईपर्यंतही थांबले नाही. दोन्ही कागद समोर ठेवले, आंब्यांच्या ओळीवर एक बोट ठेवलं, काठीच्या ओळीवर दुसरं.

"हे वाच. दोन्हीकडे एकच आहे. मी एकदा बरोबर वाचलं आणि एकदा चुकले. तुम्हा दोन्ही घरांना मी चुकीचं सांगितलं."

तो बघत राहिला. त्याला मोडी येत नव्हती, पण आकार सारखे आहेत हे कोणालाही दिसेल.

"नक्की, बाई?"

"नक्की. माझ्या सरांनीही पाहिलंय. त्यांची सही आहे."

तो उठला आणि गॅलरीत जाऊन पाठमोरा उभा राहिला. मला वाटलं, झालं. याने भावकीपुढे माझी नक्कल वाचून दाखवली, आता हा कोणत्या तोंडाने माघार घेणार? माझ्या सहीमुळे याची शोभा होणार. वर्गात भूमितीचं प्रमेय मांडून पाठीमागे हात बांधून उभा राहणारा मुलगा माझ्या डोळ्यांपुढे आला. मी काही बोलणार तोच तो आत आला. त्याचा चेहरा वेगळाच होता.

"बाई, बरं झालं," तो म्हणाला. खुर्चीत बसला आणि पुन्हा म्हणाला, "फार बरं झालं. दोन महिने मी मागच्या गल्लीत पाय टाकला नाही. धाकट्या घरची ती माझी चुलती. मी लहान असताना आई अंथरुणाला होती, तेव्हा हिनंच मला जेवू घातलं. शाळेचा डबा हिच्याच घरून यायचा. बैठकीत कागद वाचला तेव्हा ती मागं उभी होती. वाचून झालं तशी डोक्यावरचा पदर नीट केला आणि निघून गेली. मला वाटायचं कागदात आहे तर काय करणार. भावकीपुढं मला मागं येता येईना."

त्याने चहाचा कप तसाच बाजूला सारला. यजमान एकदम म्हणाले, "मग आता उठा. गल्ली इथून लांब आहे का?"

लांब नव्हती. इमारतीला वळसा घालून गेलं की मागेच. वर खरंच केबलचं जाळं होतं, इतकं की आभाळाचे चौकोन झाले होते. धाकटं घर एकमजली, पुढे फरशीचं अंगण. अंगणात जुन्या लुगड्यावर कुरडया वाळत घातल्या होत्या आणि एक सत्तरी ओलांडलेली बाई पाटावर बसून सोऱ्याने नवीन कुरडई घालत होती. पुतण्याला पाहून तिचा हात थांबला नाही.

मी पुढे झाले. "मी गणिताची बाई. फोनवर बोललो होतो."

"वळखला आवाज."

मी तिच्यासमोर पायरीवर बसले आणि सांगितलं. शब्द कसा तुटला, कागदात खरं काय आहे, सगळं. मध्ये एकदाही तिने माझ्याकडे पाहिलं नाही. कुरडईचा वेढा पुरा केला, सोऱ्या बाजूला ठेवला, हात पदराला पुसले.

"म्हंजी कागूद आमच्या दारात संपला न्हवता. तुमी संपिवला."

"हो," मी म्हटलं.

तिने मला नीट निरखून पाहिलं. मग यजमानांना, मग पुन्हा मला. "एवढ्या लांब आलायसा सांगाया?"

"माझी चूक होती. फोनवर सांगायची नव्हती."

"चूक तर हायच," ती म्हणाली. आणि मग तिचा सगळा चेहरा सुटला, कपाळावरच्या आठ्या कुठल्या कुठे गेल्या. "पर आमची मानसं कागदाशिवाय ऐकत न्हाईत, आन् कागद वाचायला तुमच्याशिवाय कोन न्हाई. आता काय करायचं? बसा. चीक गरम हाय."

मग ती पुतण्याकडे वळली. "आन् तू रं? दोन महिनं झालं. ही पायरी लई उंच झाली व्हय?" तो खाली मान घालून उभा. "थांब तसाच," म्हणून ती आत गेली आणि कुरडयांचा गरम चीक चार ताटल्यांत घेऊन आली, वर तेल आणि किंचित मीठ. पहिली ताटली तिने त्याच्याच हातात दिली. तो पायरीवर बसून खायला लागला. आम्हीही खाल्लं. मी तसा चीक लहानपणानंतर खाल्ला नव्हता. घशाखाली उतरताना जाणवलं, मी दोन दिवस नीट जेवलेच नव्हते.

त्याच संध्याकाळी भावकीची बैठक झाली. मी जायला तयार होते, पण विद्यार्थी म्हणाला, "आता माझं मी सांगतो." त्याने दोन्ही ओळी मोबाईलवर मोठ्या करून दाखवल्या. कोणीतरी म्हणालं की बाईंनी एकदा असं सांगितलं, एकदा तसं, तिसऱ्यांदा काय सांगतील? तेव्हा सरांचा कागद उपयोगी पडला. दुसऱ्या कोणी वायरींचा प्रश्न काढला, आणि तो प्रश्न खरा होता. शेवटी ठरलं की त्या गल्लीची वीज तेवढ्यापुरती बंद करून घ्यायची, केबलवाल्यांना आदल्या दिवशी बोलवायचं, आणि गच्च्यांवर माणसं उभी करायची.

जत्रेच्या सकाळी आम्ही दोघं धाकट्या घराच्या गच्चीवर होतो. चुलतीने बोलावणंच धाडलं होतं. गल्लीतल्या प्रत्येक इमारतीच्या गच्चीवर दोन-दोन माणसं बेचक्या लावलेले बांबू घेऊन उभी. हलगी जवळ आली. वळणावर आधी मोरपिसं दिसली, मग लाल-पिवळी कापडं, मग पूर्ण काठी. थोरल्या घरापुढून निघून ती गल्लीत शिरली. खालच्या तरुणांचे चेहरे घामाने निथळत होते. पहिली वायर वर उचलली गेली, काठी खालून सरकली. दुसरी, तिसरी. शेवटच्या वायरीपाशी काठी जराशी कलली आणि सगळी गल्ली एकदम "ए, ए" करून ओरडली. मी यजमानांचं मनगट घट्ट धरलं. खाली पेलणाऱ्यांमध्ये माझा विद्यार्थी होता, या वयात, कमरेला पट्टा बांधून. त्याने पाऊल मागे घेतलं, खांदा वळवला, काठी सरळ झाली आणि वायरीखालून निघाली.

धाकट्या घरापुढे ती थांबली. चुलतीने पेलणाऱ्यांच्या पायांवर पाणी घातलं, नारळ फोडला. पुतण्याच्या पायांवर तिने इतरांपेक्षा जास्तच पाणी ओतलं, सगळा तांब्या. तो हसला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की यजमानांचं मनगट मी अजून सोडलेलं नाही.

"पुरे आता," ते म्हणाले, "मला तो हात लागतो."

घरी येऊन मी आडवी झाले ती थेट पाच वाजता उठले. यजमानांनी चहा केला होता, ही दुर्मिळ गोष्ट.

प्रदर्शनात मी त्या कागदाचं पान लावलं नाही. दुसरंच एक लावलं. पहिली नक्कल मी विद्यार्थ्याकडून परत मागवली, आडवी रेघ मारून रद्द केली आणि नवीन करून दिली. जिथे कागद खाल्लेला आहे तिथे या वेळी मी काहीही जोडलं नाही, फक्त ‘पुढील मजकूर नष्ट’ असं लिहिलं. आता माझ्याकडे कोणी कागद घेऊन आलं की मी काय शोधायचंय ते आधी विचारत नाही, सांगू लागलं तरी थांबवते. सगळा वाचून झाला की रविवारी सरांपुढे ठेवते. ते दोन-तीन चुका काढतात. परवा एकही निघाली नाही, तेव्हा त्यांनी कागद उलटा करून मागची बाजू कोरी असल्याची खात्री करून घेतली.

मधूनच चुलतीचा फोन येतो. तिच्या माहेरच्या घरी एक पेटी आहे म्हणते, कागदांनी भरलेली. "वाचायचं काय न्हाई तवढं, पर तुमी या. येताना सायबांनाबी आना." पुढच्या आठवड्यात आम्ही जाणार आहोत.